आधी लक्षण, मग नाव : पृष्ठवंशी प्राणी ओळखण्याची आणि प्रत्यक्ष अधिवासात अभ्यासण्याची पद्धत

देवमासा मासा नाही, देवगांडूळ गांडूळ नाही, सापसुरळी साप नाही आणि खवले मांजराचा मांजराशी दूरचाच संबंध. ही नावे पडली ती दिसण्यावरून. नवखा अभ्यासक वहीत पहिली चूक करतो तीही दिसण्यावरूनच. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसने आपल्या ‘सिस्टिमा नॅचुरी’ या ग्रंथाच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत देवमाशांना माशांतच बसवले होते. १७५८ च्या दहाव्या आवृत्तीत त्याने ती चूक दुरुस्त करून त्यांना सस्तन प्राण्यांत आणले, पण त्याच आवृत्तीत शार्क मात्र बेडूक-सापांच्या पंगतीला जाऊन बसले.

म्हणून या लेखात एकच आग्रह पुन्हा पुन्हा दिसेल: समोरच्या प्राण्याचे नाव लिहिण्याआधी त्याचे लक्षण लिहा. नाव चुकले तर लक्षणांवरून दुरुस्त करता येते. लक्षणे न लिहिता नुसते नाव लिहिले आणि ते चुकले तर ती नोंद फुकट जाते.

गट ठरवणे

पृष्ठवंशी म्हणजे पाठीचा कणा आणि कवटी असलेले प्राणी. ते समपृष्ठरज्जू संघात मोडतात. या संघातल्या प्राण्यांत आयुष्याच्या कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर पाठीच्या बाजूने पृष्ठरज्जू नावाचा लवचीक दांडा, त्याच्यावर पोकळ चेतारज्जू आणि घशाजवळ कल्ल्यांच्या फटी असतात. माणसाच्या गर्भातही या खुणा दिसून जातात. मात्र रानात उभे असताना या व्याख्येचा उपयोग शून्य. पाठ्यपुस्तकात हृदयाचे कप्पे मोजून वर्ग शिकवतात. झुडपात बसलेल्या प्राण्याच्या हृदयाचे कप्पे कोण मोजणार? तिथे बाहेरून दिसणारी लक्षणे लागतात.

जबडा नसलेले, वाटोळ्या चोखणाऱ्या तोंडाचे लॅम्प्रे आणि त्यांचे भाऊबंद हॅगफिश हा अगदी छोटा गट. शार्क आणि पाकट यांचा सांगाडा हाडांऐवजी लवचीक कास्थीचा असतो. त्यांच्या कल्ल्यांच्या फटी बाहेरून उघड्या दिसतात, बहुधा पाच जोड्या. हाडांचे मासे कल्ल्यांवर झाकण बाळगतात. पृष्ठवंशी जातींपैकी निम्म्याहून जास्त जाती माशांच्याच आहेत, हे डोंगर-जंगल फिरणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. उभयचरांची त्वचा ओलसर, उघडी, ग्रंथींनी भरलेली असते. सरपटणाऱ्यांची त्वचा कोरडी आणि खवल्यांची. पक्ष्याला पिसे, सस्तनाला केस. देवमाशालाही, निदान जन्माआधी, तोंडाजवळ थोडे केस असतात.

आता एक अडचण. ‘सरपटणारे’ हा गट सोयीचा आहे, नात्याचा नाही. मगरीचे जवळचे नातलग सरडे नव्हेत, पक्षी. नाते काटेकोर पाळायचे तर पक्ष्यांनाही सरपटणाऱ्यांतच धरावे लागते. ‘मासे’ या शब्दाचेही तेच. १९३८ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ जिवंत सापडलेला सीलाकँथ आणि फुप्फुसमासे हे इतर माशांपेक्षा आपल्या, म्हणजे चार पायांच्या प्राण्यांच्या, जास्त जवळचे आहेत. वहीत जुने गट खुशाल वापरा, त्यावाचून काम चालणार नाही. फक्त सारखे दिसणे म्हणजे नाते असा निष्कर्ष काढू नका. शार्क आणि डॉल्फिन लांबून सारखे दिसतात. शेपटी पाहा: शार्कची उभी असते आणि डावी-उजवीकडे हलते, डॉल्फिनची आडवी असते आणि वर-खाली.

एक सराव: पाय नसलेला लांब प्राणी

ओळखीची किल्ली, म्हणजे एकेका लक्षणाने शक्यता कमी करत नेणारा प्रश्नांचा क्रम, कशी चालते हे समजण्यासाठी यापेक्षा चांगला सराव मला माहीत नाही. दगडाखाली काहीतरी लांब, बिनपायाचे, वळवळणारे दिसले. बहुतेकजण ‘साप’ म्हणून मोकळे होतात. खरे तर निदान पाच शक्यता आहेत. हात न लावता, थोड्या अंतरावरून, पुढील क्रमाने पाहत जा.

१. पर किंवा कल्ल्याची फट दिसते का? दिसत असेल तर तो वाम किंवा ईलसारखा मासा. काही चिखलातल्या ईलांचे पर जवळजवळ नाहीसे झालेले असतात आणि कल्ल्याची एकच फट गळ्याखाली असते, तेव्हा घाईने ‘नाही’ म्हणू नका.

२. त्वचा ओलसर, अंगभर वळ्या, खवले दिसत नाहीत? मग गांडूळ किंवा देवगांडूळ. गांडुळाला डोळे नाहीत, जबडा नाही. ते अंग लांबवत-आखडत सरकते आणि प्रौढाच्या अंगावर जाडसर पट्टा असतो. देवगांडूळ उभयचर आहे. त्याला दातांचा जबडा असतो, बारीक ठिपक्यासारखे डोळे असतात, आणि डोळा व नाकपुडी यांच्यामध्ये एक छोटी स्पर्शिका असते. स्पष्ट जवळचा फोटो मिळाला तर ही स्पर्शिका शोधा, वाद तिथेच मिटतो.

३. त्वचा कोरडी, खवल्यांची? मग साप किंवा पाय गमावलेला सरडा. पापणी मिटते का, डोळ्यामागे कानाचे भोक आहे का ते पाहा. सापाला दोन्ही नसते. त्याच्या डोळ्यावर पारदर्शक खवला असतो. पण बिनपायाच्या काही सरड्यांनाही पापण्या नसतात, म्हणून एकाच लक्षणावर थांबू नका. अवसारणीचे, म्हणजे मलमूत्र बाहेर पडण्याचे, छिद्र शरीरावर कुठे आहे ते बघा. त्याच्या पुढचा भाग धड, मागचा शेपूट. सापाचे धड लांब आणि शेपूट त्या मानाने आखूड. बिनपायाच्या बऱ्याच सरड्यांचे शेपूटच धडाएवढे किंवा त्याहून लांब असते आणि तुटतेही.

४. पोटाखाली रुंद आडव्या खवल्यांची एकच रांग असेल तर तो बहुधा साप. वाळा मात्र इथे फसवतो. त्याच्या अंगाभोवती सगळीकडे एकसारखे चकचकीत खवले असतात, डोळे खवल्याखाली दडलेले काळे ठिपके असतात आणि शेपटाच्या टोकाला बारीक काटा असतो. त्याला गांडूळ समजून उचलणारे खूप. या वाळ्याच्या एका जातीत फक्त माद्याच असतात आणि त्या नराशिवाय प्रजनन करतात, त्यामुळे ‘नर की मादी’ हा रकाना तिथे आधीच भरलेला!

या चार पायऱ्यांत रंग कुठेही आला नाही. रंग वयाने, ऋतूने, उजेडाने आणि कात टाकण्याच्या आधी-नंतर बदलतो. मण्यार आणि कवड्या यांची गल्लत होते ती काळसर अंग आणि पांढरे पट्टे यांवर विसंबल्यामुळे. मण्यारीच्या पाठीच्या मध्यरेषेवरचे खवले बाजूच्या खवल्यांपेक्षा मोठे आणि षटकोनी असतात, कवड्याचे नसतात. हा फरक फोटो मोठा करून पाहायचा असतो, साप हातात धरून नव्हे. मेलेल्या सापाचे डोकेही काही काळ प्रतिक्षिप्त क्रियेने चावू शकते.

कोणत्या गटात काय टिपायचे

मासे: डाव्या कुशीचा फोटो, पर उघडलेले, शेजारी मोजपट्टी. पाठीच्या परातले टणक काटे आणि मऊ काड्या वेगळ्या मोजा. काटे रोमन आकड्यांत आणि काड्या साध्या आकड्यांत लिहिण्याची जुनी रीत आहे. पार्श्वरेषेवरचे, म्हणजे कुशीवरून जाणाऱ्या रेषेवरचे, खवले मोजा. लांबी लिहिताना शेपटीचा पर धरून की सोडून ते लिहा, नाहीतर आकडा निरर्थक.

बेडूक: बोटांमधला पडदा किती दूरपर्यंत, बोटांच्या टोकांना चकत्या आहेत का, कानाचा पडदा डोळ्याच्या मानाने केवढा, पाठीवर घड्या की फोड. त्याहून महत्त्वाचा आवाज. नर बेडकाची साद जातीगणिक वेगळी असते, पण तिचा वेग तापमानाबरोबर बदलतो. म्हणून रेकॉर्डिंगसोबत हवेचे आणि शक्य तर पाण्याचे तापमान लिहा. बेडकांच्या पिल्लांचे विकासटप्पे सांगायला गॉसनरची ४६ टप्प्यांची पद्धत (१९६०) वापरतात.

पक्ष्यांवर इतके लिहिले-बोलले जाते की इथे थोडक्यात: आधी आकार आणि बांधा, मग चोच, मग हालचाल, मग आवाज, रंग सगळ्यात शेवटी. आकार सांगताना सेंटिमीटरचा अंदाज न करता ‘चिमणीहून मोठा, साळुंकीहून लहान’ असे लिहा. दूरवरच्या पक्ष्याची लांबी कोणालाच नीट ओळखता येत नाही.

सस्तन प्राण्यांत दात म्हणजे ओळखपत्र. उंदीर-खारींना सुळे नसतात. पुढचे छिन्नीसारखे दात आणि दाढा यांमध्ये मोकळी जागा असते. सशालाही ती असते, पण त्याच्या वरच्या पुढच्या दातांमागे आणखी एक बारीक जोडी लपलेली असते, म्हणून ससा कृंतक, म्हणजे उंदीर-खारींच्या गटातला, नव्हे. चिचुंद्रीला सगळे उंदीर म्हणतात. तिचे दात टोकदार, कीटक फोडणारे. जिवंत प्राण्याचे तोंड उघडायची गरज नाही, मऊ मातीतला ठसा पुरतो: उंदराच्या पुढच्या पायाची चार बोटे उमटतात, चिचुंद्रीची पाच.

मोठ्या मांसभक्षकांचेही ठशांवरूनच सुरू होते. मार्जारकुळात नखे आत ओढलेली असल्याने बहुधा उमटत नाहीत आणि मुख्य गादीची मागची कड तीन गोलाईंची असते. कुत्रा, लांडगा, कोल्हा आणि तरस यांची नखे उमटतात. चित्ता मार्जार असूनही नखे उमटवतो. आणि चिखलात घसरणारा बिबट्याही नखे बाहेर काढतो, म्हणून एका ठशावर निर्णय नको. सलग चार-पाच ठसे मोजा.

नाव लिहिताना

मराठीत इथे एक जुना घोळ आहे. शास्त्रीय नावातल्या पहिल्या शब्दाच्या पातळीला कोणी ‘वंश’ म्हणते, कोणी ‘प्रजाती’. दुसऱ्या पातळीला कोणी ‘जाती’, कोणी पुन्हा ‘प्रजाती’. मी वंश आणि जाती हे शब्द वापरतो. तुम्ही कोणतेही वापरा, पण वहीच्या पहिल्या पानावर काय वापरले ते लिहून ठेवा. नावापुढे कंसात लेखकाचे नाव आणि वर्ष दिसले तर त्याचा अर्थ असा की ती जाती मूळ वर्णनानंतर दुसऱ्या वंशात हलवली गेली. वाघाला लिनियसने १७५८ मध्ये ‘फेलिस’ वंशात ठेवले होते. आज तो ‘पँथेरा टायग्रिस’ आहे, म्हणून लिनियसचे नाव कंसात.

पुरावा जिथे संपतो तिथे थांबा. वंश कळला आणि जाती कळली नाही तर वंशापर्यंतच लिहा. कुळापर्यंतच कळले तर कुळ. माझ्या एका जुन्या वहीत एका पावसाळी रात्रीच्या पानावर फक्त ‘लहान बेडूक, ३’ असे आहे. फोटो नाही, पडदा नाही, आवाज नाही. त्या तीन बेडकांचे आज कोणीही काहीही करू शकत नाही.

प्रश्न आधी, साधन नंतर

बहुतेक फसलेले क्षेत्रअभ्यास एकाच कारणाने फसतात: कॅमेरा विकत घेतला, आता त्याचे काय करू? उलट क्रमाने चला. ‘इथे कोणकोणत्या जाती आहेत?’, ‘ही जात इथे आहे का?’, ‘किती आहेत?’ आणि ‘काय करतात?’ हे चार वेगळे प्रश्न आहेत आणि प्रत्येकाची पद्धत वेगळी.

निघण्यापूर्वी परवानगी घ्या. पकडणे, खूण करणे, जाळी लावणे, नमुना घेणे यांना वन्यजीव कायद्याखाली जवळजवळ सगळीकडे लेखी परवाना लागतो; खासगी जमिनीवर मालकाचा होकारही. बूट आणि जाळी एका पाणथळीतून दुसऱ्या पाणथळीत जाण्याआधी धुऊन, निर्जंतुक करून, पूर्ण वाळवा. उभयचरांची त्वचा पोखरणारी कायट्रिड बुरशी १९९९ मध्ये शास्त्रीय नावाने वर्णिली गेली, तोवर तिने कित्येक बेडूक-जातींची दाणादाण उडवली होती. ती ओल्या चिखलातून सहज प्रवास करते.

*जातींची यादी हवी असेल* तर ठरावीक वेळ शोधण्याची पद्धत पुरते. दोघांनी दोन तास शोधले तर चार मनुष्य-तास. दगड उलटला तर पुन्हा होता तसाच ठेवा. त्याखाली कोणाचे तरी घर असते. बेडकांसाठी रात्री हेडलॅम्प आपल्या डोळ्यांच्या रेषेत धरला की त्यांचे डोळे चमकतात. लहान, जमिनीवरच्या प्राण्यांसाठी आडवी बुटकी भिंत आणि तिच्या पायथ्याशी पुरलेल्या बादल्या लावतात. बादलीला तळाशी भोके, आत ओला पालापाचोळा, आणि रोज सकाळी लवकर तपासणी. रोज जाणे जमणार नसेल तर बादल्या लावूच नका.

*ही जात आहे का* या प्रश्नाला चिन्हे, कॅमेरा आणि पाण्यातला डीएनए उपयोगी. पाणी गाळून त्यात तरंगणारा डीएनए तपासला की न दिसलेल्या माशाचाही पत्ता लागतो; मात्र वाहत्या पाण्यात तो वरच्या अंगाने वाहून आलेला असू शकतो. वटवाघळांच्या हाका बहुतेक आपल्या कानांच्या पलीकडच्या, म्हणजे २० किलोहर्ट्झच्या वरच्या असतात, त्यासाठी खास डिटेक्टर लागतो.

इथे एक हिशेब मनात पक्का बसवा. समजा, जात तिथे आहे आणि एका फेरीत ती दिसण्याची शक्यता ३० टक्के. तीन फेऱ्यांत एकदाही न दिसण्याची शक्यता ०.७ × ०.७ × ०.७, म्हणजे सुमारे ३४ टक्के. आठ फेऱ्यांनंतर ती ६ टक्क्यांच्या आत येते. जात असलेल्या दर तीन ठिकाणांपैकी साधारण एका ठिकाणी, तीन फेऱ्यांवरून निर्णय घेणारा ‘इथे नाही’ असे चुकीचे लिहितो. म्हणून ‘नाही’ न लिहिता ‘दिसली नाही’ लिहा, आणि किती फेऱ्या, किती तास, कसले हवामान तेही.

*किती आहेत* हा सगळ्यांत अवघड प्रश्न. दिसलेले मोजणे म्हणजे असलेले मोजणे नव्हे. दोन मार्ग रुळलेले आहेत.

पहिला, रेषेवरून चालणे. आधी यादृच्छिक निवडीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या, सरळ रेषा आखा. पायवाटेवरून चालू नका, कारण काही प्राणी वाटेकडे येतात आणि काही वाट टाळतात. प्राणी दिसला की त्याच्यापर्यंतचे अंतर आणि रेषेशी होणारा कोन मोजा. लंब अंतर (रेषेपासून काटकोनात मोजलेले) = अंतर × कोनाची साइन. ६० मीटरवरचा प्राणी ३० अंशांत दिसला तर लंब अंतर ३० मीटर. दूर जाऊ तसे दिसणे कसे कमी होते हे या अंतरांवरून काढतात आणि त्यातून घनता. भरवशासाठी निदान ६० ते ८० दर्शने हवीत. अट एवढीच की रेषेवरचा प्राणी कधी निसटता कामा नये, आणि तो तुमच्यामुळे हलण्याआधी होता ती जागा मोजली पाहिजे. पळून थांबला ती जागा मोजणे ही सर्रास होणारी चूक.

दुसरा, खूण आणि पुनर्दर्शन. डेन्मार्कच्या पीटरसनने १८९६ मध्ये माशांवर आणि लिंकनने १९३० मध्ये बदकांवर वापरलेली ही कल्पना साधी आहे. पहिल्या वेळी ४० उंदीर पकडून खूण केली. दुसऱ्या वेळी ५० सापडले, त्यांत १० खुणेचे. म्हणजे पाचांत एक खुणेचा; तर खुणेचे ४० हे एकूण संख्येचा पाचवा भाग, मग ४० × ५० ÷ १० = २००. लहान आकड्यांसाठी चॅपमनची दुरुस्ती बरी: (४१ × ५१ ÷ ११) − १, म्हणजे सुमारे १८९. यात गृहीत असे की मधल्या काळात कोणी आले-गेले नाही, खूण पुसली नाही, आणि एकदा पकडलेला उंदीर पिंजऱ्याला घाबरू किंवा सोकावू लागला नाही. शेवटचे गृहीत उंदीर बहुधा मोडतात. आतल्या खाण्याची चटक लागलेला एखादा रोज हजर असतो.

ज्यांच्या अंगावर जन्मतःच खूण असते त्यांना पकडावेच लागत नाही. वाघांचे अभ्यासक उल्हास कारंत यांनी वाघांच्या पट्ट्यांवर हे गणित कॅमेऱ्याच्या मदतीने लावून १९९५ मध्ये प्रसिद्ध केले. दोन्ही कुशींचे पट्टे वेगळे असतात, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे, साधारण गुडघ्याच्या उंचीवर. अगदी एकमेकांच्या डोळ्यांत नकोत, नाहीतर एकाचा फ्लॅश दुसऱ्याचा फोटो घालवतो. समोरचे गवत छाटा, ते हलून कार्ड भरून जाते. निघण्याआधी स्वतः रांगत समोरून जा आणि फोटो येतो का पाहा. तारीख-वेळ तपासा. हे शेवटचे वाक्य बिनमहत्त्वाचे वाटते, पण चुकीच्या घड्याळाचा कॅमेरा महिनाभराचे काम मातीत घालतो.

*काय करतात* यासाठी प्राणी एकेकटे ओळखू यावे लागतात. पक्ष्यांना कडे घालण्याची पद्धतशीर सुरुवात डेन्मार्कमध्ये मॉर्टेन्सनने १८९९ मध्ये केली, ॲल्युमिनियमच्या कड्या आणि युरोपीय मैना घेऊन. आज रेडिओ आणि उपग्रह टॅगही आहेत. पण धुक्यासारखी बारीक जाळी लावून पक्षी काढणे पुस्तकातून शिकू नये. जाणत्याच्या हाताखाली काही महिने घालवल्याशिवाय जाळीला हात लावू नका.

वही

कॅलिफोर्नियातल्या बर्कलेच्या पृष्ठवंशी प्राणी संग्रहालयाचे पहिले संचालक जोसेफ ग्रिनेल यांनी नोंदी ठेवण्याची एक कडक शिस्त घालून दिली: दिवसाची रोजनिशी वेगळी, प्रत्येक जातीचे पान वेगळे, गोळा केलेल्या नमुन्यांची क्रमवार यादी वेगळी. त्यांच्या चमूने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात फिरून केलेल्या नोंदींची ठिकाणे सुमारे शतकाने पुन्हा तपासली गेली, तेव्हा योसेमिटी भागात अनेक लहान सस्तन प्राणी डोंगरात वर सरकलेले आढळले. ही तुलना शक्य झाली कारण जुन्या वहीत नुसती प्राण्यांची नावे नव्हती. कुठे, किती उंचीवर, किती सापळे, किती रात्री हे सगळे होते.

प्रत्येक नोंदीत तारीख, सुरू आणि संपल्याची वेळ, अक्षांश-रेखांश, अधिवास, हवामान, बरोबर कोण, किती वेळ शोधले आणि काहीच सापडले नाही तर तेही. पेन्सिल वापरा, शाई पहिल्या पावसात वाहून जाते. पाहिलेले आणि वाटलेले यांना वेगळ्या ओळी द्या: ‘पाठीवर सहा आडवे पट्टे, मान अरुंद’ ही एक ओळ, ‘बहुधा अमुक’ ही दुसरी. आधीची ओळ कधी पुसू नका. नंतर मत बदलले तर एक रेघ मारून, तारीख घालून, शेजारी नवे लिहा.

परतल्यावर झोपण्याआधी फोटोंना क्रमांक द्या आणि तेच क्रमांक वहीत टाका. ध्वनिमुद्रणांचेही तसेच. ज्या नोंदींवर प्रश्नचिन्ह आहे त्यांची वेगळी यादी करा आणि त्या त्या गटातल्या जाणकाराला फोटोंसह पाठवा. पाठवताना तुमचा अंदाज लगेच सांगू नका, आधी त्यांना लक्षणे पाहू द्या.